आयोजकांचा निर्णय अंतिम राहील

हे प्रकरण एका सकाळचं आहे. मागच्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागातल्या एका महाविद्यालयात आम्ही प्रतिरूप आंतरशासकीय परिषद, म्हणजे मुलांनी देशांचे प्रतिनिधी होऊन चालवायची परिषद, भरवली होती. दोन दिवस, सव्वीस देश, प्रत्येकी दोन प्रतिनिधी, विषय कापूस. विदर्भात परिषद घ्यायची तर दुसरा विषय कशाला शोधायचा? केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्याच गावात आहे. आमच्या वर्गात काटोल-हिंगणघाटकडची, घरी कापूस पिकवणारी मुलं आहेत. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार आफ्रिकी देश २००३ पासून जागतिक व्यापार संघटनेत कापसावरच्या अनुदानांचा प्रश्न लावून धरत आले आहेत. मुलांनी महिनाभर जीव तोडून अभ्यास केला होता. कराराचे दोन मसुदेही तयार होते.

दहाला सुरू झालेल्या परिषदेत कापसावरचं पहिलं भाषण झालं दुपारी दोन पन्नासला. मधल्या वेळात काय झालं, ते का झालं आणि खऱ्या परिषदा ही वेळ स्वतःवर येऊ नये म्हणून काय करतात, हे नीट लिहून ठेवते आहे. मी परिषदेची सचिव होते. सुरुवातीची सगळी मांडणी माझीच होती.

पावणेबारा

आपल्याकडे कार्यक्रम जसा सुरू होतो तसाच तो झाला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, तीन भाषणं, आभार. पुढच्या रांगेत पाहुण्यांसाठी सोफे होते, देशांच्या खुर्च्या त्यांच्या मागे. देशांच्या पाट्या आम्ही नोंदणीच्या क्रमाने लावल्या होत्या. ज्याचे पैसे आधी आले तो देश पुढे.

अकरा चाळीसला मंच मोकळा झाला. तृतीय वर्षाचा आमचा एक विद्यार्थी, भारताचा प्रतिनिधी, मधल्या खुर्चीत जाऊन बसला. महाल भागातल्या सुताराकडून मुद्दाम करून घेतलेली सागवानी हातोडी त्याने लाकडी ठोकळ्यावर आपटली आणि म्हणाला, ‘सर्वसाधारण चर्चेला सुरुवात करू या.’

तिसऱ्या रांगेत एक पाटी उभी राहिली. दुमडलेला पुठ्ठा, त्यावर निळ्या स्केचपेनने लिहिलेलं ‘बुर्किना फासो’. पाटी आडवी ठेवली तर बोलायचंय, उभी केली तर हरकतीचा मुद्दा, असं आम्हीच शिकवलेलं.

‘अध्यक्ष महोदय, तुम्हाला अध्यक्ष कोणी निवडलं?’

‘आयोजन समितीने.’

‘आयोजन समिती हा देश आहे का?’

त्याने हरकत फेटाळली. बुर्किना फासोच्या मुलीने लगेच अध्यक्षांच्या निर्णयाला आव्हान दिलं. आमच्या पुस्तिकेत लिहिलेलंच होतं की असं आव्हान आलं तर ते मताला टाकायचं. तो पान उघडून वाचायला लागला, तेवढ्यात तिने पुढचा प्रश्न टाकला. ‘ही पुस्तिका मंजूर केव्हा झाली? हे नियम आम्ही पासच नाही केले, तर ते चालून कसे राहिले?’

मुलगा माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, मत घेऊन टाक. त्याने मत मागितलं आणि चाडच्या पाटीमागून दोन वेगवेगळे हात वर आले. नोंदणीच्या गोंधळात आम्ही दोन जोड्यांना चाड दिला होता. एक जोडी नागपूरची, दुसरी वर्ध्याची, सकाळी सहाच्या बसने आलेली. दोघींकडे आमचाच होकाराचा मेल होता.

परिषद तिथे थांबली. मत घ्यायचं तर किती मतांनी निर्णय होतो हे सांगणारा नियम हवा. नियम मंजूर करायचा तर मत हवं. मत मोजायचं तर मतदार कोण हे ठाऊक हवं. यातलं एकही ठरलेलं नव्हतं. बुर्किना फासोची मुलगी अडवणूक करते आहे, असं तेव्हा मंचाजवळ कुणीतरी कुजबुजलं. तिचं काहीही चुकलं नव्हतं. तिने विचारलेला प्रत्येक प्रश्न आम्हीच आधी स्वतःला विचारायला हवा होता.

प्राचार्यांनी परिषद तासाभरासाठी तहकूब केली. बाहेर पोहे मांडले होते, तर्री गार होत होती. मी निमंत्रणपत्र काढून पुन्हा वाचलं. शेवटची ओळ होती: ‘आयोजकांचा निर्णय अंतिम राहील.’ वक्तृत्व स्पर्धा असो, रांगोळी असो, नाट्यस्पर्धा असो, ही ओळ आपण न बघता टाकतो. मीही तशीच टाकली होती. स्पर्धेत ती बरोबर असते. देशांच्या परिषदेत ती बसत नाही. तिथे सभागृह यजमानाचं असतं आणि सभा देशांची.

खऱ्या परिषदांत काय होतं

संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली एखाद्या विषयावर परिषद भरते तेव्हा पहिल्या बैठकीचा क्रम साधारण ठरलेला असतो. परिषद उघडणं, अध्यक्षांची निवड, कार्यपद्धतीच्या नियमांना मंजुरी, विषयपत्रिकेला मंजुरी, उपाध्यक्ष व इतर पदाधिकाऱ्यांची निवड, समित्या आणि कामाची आखणी, अधिकारपत्र समितीची, म्हणजे प्रतिनिधींचे कागद तपासणाऱ्या समितीची, नेमणूक. मूळ विषय त्यानंतर. कागदावर हा क्रम फार कोरडा दिसतो. आम्हीही तो ‘औपचारिकता’ म्हणून गाळला होता. पण यातली प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला उभं राहायला जागा देते.

पहिली हातोडी मारायचा अधिकार कुणाचा, हा सगळ्यात आधीचा प्रश्न. अजून अध्यक्ष नाही, नियम नाहीत, तरी कुणीतरी ‘सभा सुरू झाली’ म्हणायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या परिषदांत हे काम महासचिव किंवा त्यांनी नेमलेला माणूस करतो आणि अध्यक्ष निवडेपर्यंतच खुर्चीत राहतो. नियमित भरणाऱ्या परिषदांत मावळते अध्यक्ष उघडतात आणि नव्याकडे सूत्रं देतात. २०१९ मध्ये वाळवंटीकरणविरोधी कराराची चौदावी परिषद ग्रेटर नोएडाला झाली, तेव्हा आधीचं यजमानपद चीनकडे होतं. चीनकडून अध्यक्षपद भारताकडे आलं आणि प्रकाश जावडेकर अध्यक्ष झाले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नवे अध्यक्ष आधीच निवडलेले नसतील, तर गेल्या वेळचे अध्यक्ष किंवा त्यांच्या देशाच्या प्रतिनिधिमंडळाचा प्रमुख हंगामी अध्यक्ष होतो. नागपूरकरांना हा शब्द समजावून सांगायला नको. हिवाळी अधिवेशन आपल्या दारात भरतं आणि निवडणुकीनंतर नवी विधानसभा हंगामी अध्यक्षांपासूनच सुरू होते हे आपण वर्तमानपत्रात वाचत असतो. आपल्या संविधान सभेचंही तसंच झालं. ९ डिसेंबर १९४६ ला सच्चिदानंद सिन्हा हंगामी अध्यक्ष म्हणून बसले, त्या दिवशी सदस्यांनी अधिकारपत्रं दाखवून नोंदवहीत सह्या केल्या आणि ११ डिसेंबरला राजेंद्रप्रसाद यांची कायम अध्यक्ष म्हणून निवड झाली. ती देशांची परिषद नव्हती, पण उघडण्याची रीत हीच.

मग अध्यक्ष. माझ्या विद्यार्थ्यांना इथे नेहमी एक कोडं पडतं. नियम मंजूर व्हायच्या आधी अध्यक्ष निवडायचा तर कोणत्या नियमाने निवडायचा? उत्तर असं की तिथे मतदानाची वेळ येऊच देत नाहीत. बहुधा यजमान देशाचा मंत्री अध्यक्ष होतो. १९६८ मध्ये व्यापार आणि विकासावरची दुसरी परिषद दिल्लीत झाली तेव्हा वाणिज्यमंत्री दिनेश सिंह अध्यक्ष झाले होते. बाकी देशांशी आधीच बोलणं झालेलं असतं आणि नाव पुकारलं की टाळ्यांच्या गजरात मंजूर होतं. त्या टाळ्यांमागे आधीच्या कित्येक दिवसांची बोलणी असतात. परिषद उघडायच्या आदल्या दिवशी प्रतिनिधींची एक अनौपचारिक बैठकच घेतात, काय काय अडू शकतं ते तिथे सोडवायला.

बोलणी जमली नाहीत तर काय होतं याची मोठी उदाहरणं आहेत. २५ एप्रिल १९४५ ला सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची सनद तयार करणारी परिषद उघडली. यजमान अमेरिका, म्हणून परराष्ट्रमंत्री स्टेटिनियस अध्यक्ष होणार, असं सगळे धरून चालले होते. सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव यांनी हरकत घेतली. चार निमंत्रक देश आहेत, तर चार अध्यक्ष हवेत. शेवटी ब्रिटनचे ईडन यांच्या सूचनेवर तोडगा निघाला. खुल्या बैठकांना चौघांनी पाळीपाळीने बसायचं, सुकाणू आणि कार्यकारी समित्या मात्र स्टेटिनियस यांच्याकडे. युद्ध अजून संपलं नव्हतं आणि जगातले बडे देश खुर्चीवरून भांडत होते, असं वाचून आपल्याला वाटतं की काय हा पोरकटपणा. मला तसं वाटत नाही. खुर्ची कुणाची हे ठरतं तेव्हा परिषद कुणाच्या मालकीची हेही ठरतं.

त्याच परिषदेत पोलंडची जागा रिकामी राहिली. पोलंडचं सरकार कोणतं यावर बड्या देशांचं एकमत नव्हतं, म्हणून कुणालाच बोलावलं नाही. सनदेत सहीसाठी जागा मात्र सोडली. ती सही १५ ऑक्टोबर १९४५ ला झाली आणि पोलंड एक्कावन्नावा मूळ सदस्य ठरला.

नियमांवर खूप वेळ घालवला तो समुद्र कायद्याच्या तिसऱ्या परिषदेने. डिसेंबर १९७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेलं तिचं पहिलं सत्र फक्त मांडणीसाठी होतं. श्रीलंकेचे अमेरसिंघे अध्यक्ष झाले, पण निर्णय मतांनी घ्यायचे की सहमतीने यावर तोड निघाली नाही. नियम मंजूर झाले २७ जून १९७४ ला, काराकसच्या सत्रात. त्यांना एक सभ्य समझोता जोडला होता: सहमतीचे सगळे प्रयत्न करून पाहिल्याशिवाय मूळ विषयावर मतदान घ्यायचं नाही. पुढे आठ वर्षं सगळा मसुदा या एका वाक्याच्या आधाराने सांभाळला गेला. शेवटी ३० एप्रिल १९८२ ला मतदान घ्यावंच लागलं, १३० बाजूने, ४ विरुद्ध, १७ तटस्थ. मधे १९७८ च्या सत्रात तर आमच्यासारखाच प्रश्न उभा राहिला होता. अमेरसिंघे आता श्रीलंकेच्या प्रतिनिधिमंडळात नाहीत, मग ते अध्यक्ष राहू शकतात का? त्यावर सत्राचे सुरुवातीचे कितीतरी दिवस गेले आणि मग परिषदेनेच त्यांना पुढे चालू ठेवलं.

उलट हवामान बदलाच्या वार्षिक परिषदा आजही मंजूर न झालेल्या नियमांवर चालतात. १९९५ च्या बर्लिन परिषदेपासून मतदानाच्या नियमावर एकमत झालेलं नाही, म्हणून ‘नियम ४२ सोडून बाकीचा मसुदा लागू’ अशी तडजोड दरवर्षी पुढे जाते. मतदानाचा नियमच नाही म्हटल्यावर एखाद्या देशाची हरकत किती धरायची हे अध्यक्षांच्या हातोडीवर येतं. २०१२ मध्ये दोहाला अध्यक्षांनी रशियाची हरकत असताना हातोडी मारली. त्याचा हिशेब २०१३ च्या जूनमध्ये बॉनला चुकता झाला. रशिया, बेलारूस आणि युक्रेन यांनी ‘निर्णय कसे घ्यायचे’ हा विषय पत्रिकेवर हवा म्हणून धरून ठेवलं आणि अंमलबजावणीविषयीच्या उपमंडळाची दोन आठवड्यांची बैठक विषयपत्रिकाच मंजूर न होता संपली. तज्ज्ञ, अनुवादक, दुभाषे, सगळे हजर होते. काम शून्य.

अधिकारपत्र म्हणजे काय

हा भाग आम्ही पूर्ण विसरलो होतो, म्हणून जरा थांबून सांगते. प्रतिनिधी देशाच्या नावाने बोलतो तो कुणाच्या सांगण्यावरून, याचा कागद म्हणजे अधिकारपत्र. त्यावर राष्ट्रप्रमुख, शासनप्रमुख किंवा परराष्ट्रमंत्री यांची सही लागते. दुसऱ्या खात्याच्या मंत्र्याची चालत नाही. आमसभेच्या नियमानुसार ते शक्यतो सत्राच्या आठवडाभर आधी महासचिवांकडे पोचायला हवं. नऊ देशांची समिती ते तपासते. करारावर सही करण्यासाठीचं पूर्णाधिकारपत्र निराळं; ते राष्ट्रप्रमुख, शासनप्रमुख आणि परराष्ट्रमंत्री या तिघांना स्वतःसाठी लागत नाही, असं १९६९ च्या करारविषयक व्हिएन्ना कराराचं कलम ७ सांगतं.

एखाद्या प्रतिनिधीवर कुणी हरकत घेतली तर? आमसभेचा नियम २९ म्हणतो की समितीचा अहवाल येऊन सभेचा निर्णय होईपर्यंत त्याला तात्पुरतं बसू द्यायचं, आणि बाकीच्यांइतकेच हक्क द्यायचे. हा नियम मला फार शहाणा वाटतो. नाहीतर नुसती हरकत घेऊन कुणालाही बाहेर बसवता आलं असतं. २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि दोन बाजूंनी अधिकारपत्रं आली, तेव्हा समितीने निर्णय पुढे ढकलला आणि आधीचे प्रतिनिधी जागेवर राहिले. ढकललेला निर्णय हाही तिथे एक निर्णय असतो.

पुन्हा उघडणं

आता आमच्या सभागृहात. तहकुबीत प्राचार्य, मी, भारताचा प्रतिनिधी आणि बुर्किना फासोची मुलगी असे चौघे स्टाफरूममध्ये बसलो. मी म्हटलं, आपल्याकडे मंजूर असं काहीच नाही, तर सुरुवात कुठून करायची? तीच म्हणाली, ‘मॅडम, निमंत्रण आहे ना. ते आम्ही सगळ्यांनी स्वीकारलं, म्हणून तर आलो.’

तिचं बरोबर होतं. सव्वीसच्या सव्वीस देशांनी मान्य केलेला एकच कागद त्या इमारतीत होता. त्यावर प्राचार्यांची सही होती, म्हणून हंगामी अध्यक्ष म्हणून प्राचार्यच बसावेत असं ठरलं. तेही फक्त अध्यक्ष निवडेपर्यंत. ‘अंतिम निर्णय’वाली ओळ परत घेतल्याचं त्यांनी स्वतः जाहीर करावं, अशी अट तिने घातली. सरांनी ती लगेच मान्य केली.

अध्यक्षपदाचं बोलणं जिन्यात झालं. संयुक्त राष्ट्रांत असतात तसे पाच प्रादेशिक गट मुलांनी पाडले: आफ्रिका, आशिया-पॅसिफिक, पूर्व युरोप, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन, आणि पश्चिम युरोप व इतर. आफ्रिका गटाचं म्हणणं होतं, प्रश्न आमचा, अध्यक्ष आमचा. आशियाचं म्हणणं, यजमानाला मान द्यावा ही रीत आहे. वीस मिनिटांत मुलांनीच तोडगा काढला. अध्यक्ष भारताचा, मसुदा समिती बुर्किना फासोकडे. कराराचे शब्द जिथे ठरतात ती जागा मसुदा समिती. माझ्या मते आफ्रिका गटाने खुर्ची सोडून वजनदार काम पदरात पाडून घेतलं.

चाडचं मात्र सोपं नव्हतं. कुणाला बसवायचं ते आयोजकांनी ठरवायचं नाही, एवढं आता पक्कं झालं होतं. नियम २९ लावायचा म्हटलं तर ‘आधीपासून बसलेलं’ असं कुणीच नव्हतं. म्हणून पाटी जागेवर ठेवली, खुर्च्या रिकाम्या ठेवल्या आणि दोन्ही जोड्यांना निरीक्षकांच्या रांगेत बसवलं. समितीचा अहवाल येईपर्यंत काहीही मताला टाकायचं नाही, जे करायचं ते सर्वांच्या संमतीने, असं हंगामी अध्यक्षांनी सांगितलं. पाच देशांची समिती नेमली. तिने दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. नागपूरच्या जोडीचं पत्र संगणकावर टाइप केलेलं, खाली ‘परराष्ट्रमंत्री, चाड प्रजासत्ताक’. वर्ध्याच्या मुलींचं पत्र हाताने लिहिलेलं, सुरेख वळणदार अक्षरात, समास आखून, देशाच्या झेंड्याचे निळा, पिवळा, लाल पट्टे वर रंगवलेले. खाली सही ‘कृषिमंत्री’ची. कापसाची परिषद, म्हणून कृषिमंत्री, असा सरळ विचार त्यांनी केला होता.

समितीने नागपूरचं पत्र धरलं. नियमाने दुसरं काही करता येत नव्हतं. पण त्या दोघी पहाटे उठून आल्या होत्या, आणि चूक आमच्या नोंदणीची होती. हे मला आजही सलतं. वाट काढली ती चाडच्याच नागपूरच्या प्रतिनिधीने. प्रतिनिधिमंडळात मुख्य प्रतिनिधींखेरीज पर्यायी प्रतिनिधी आणि सल्लागार असतात, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. तिने आपल्या ‘परराष्ट्रमंत्र्या’कडून दुरुस्त पत्र लिहून घेतलं, त्यात वर्ध्याच्या दोघींची नावं घातली आणि समितीने ते स्वीकारलं. दुपारी अनुदानांवरचं चाडचं भाषण वर्ध्याच्या मुलीने केलं. दोन्ही दिवसांतलं ते सगळ्यात तयारीचं भाषण होतं.

नियमांना फार वेळ लागला नाही. पुस्तिकेत कराराचा मजकूर साध्या बहुमताने मंजूर करायची तरतूद होती. व्हिएन्ना कराराच्या कलम ९ प्रमाणे आंतरराष्ट्रीय परिषदेत हजर राहून मत देणाऱ्या देशांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. तेवढ्याच बहुमताने वेगळा नियम ठरवता येतो. फ्रान्सच्या प्रतिनिधीने ते दाखवून दिलं. दुरुस्ती झाली, आणि आधी सहमतीचे सगळे प्रयत्न, मग मतदान, ही समुद्र परिषदेतली तरतूदही जोडली.

विषयपत्रिकेवर अमेरिकेने ‘अनुदाने’ हा शब्द अडवला. तो एक विषय बाजूला ठेवून बाकीची पत्रिका मंजूर केली आणि अध्यक्षांनी त्यावर गटांशी बोलून दुपारी सांगायचं ठरवलं. जेवणात ते मिटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दहा कलमांपैकी सहा मंजूर झाली. चार राहिली.

यंदाची तयारी

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. समारंभ आणि उद्घाटन वेगळं केलं. दिवा, शाल, भाषणं साडेनऊ ते दहा. मग मंच पूर्ण रिकामा, सोफे बाहेर, देशांच्या खुर्च्या पुढे. आमसभेत पहिल्या खुर्चीचा देश चिठ्ठी काढून ठरतो आणि पुढचे देश इंग्रजी वर्णक्रमाने बसतात. आम्ही देवनागरी वर्णक्रम घेतला, पहिली चिठ्ठी आदल्या दिवशी सगळ्यांसमोर काढायची. दुसरं म्हणजे अधिकारपत्राचा नमुना निमंत्रणाबरोबरच जातो, सही कुणाची हवी हे ठळक अक्षरांत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे अध्यक्षांची वाचनटिपणी. खऱ्या परिषदांत सचिवालय अध्यक्षांच्या हाती प्रत्येक वाक्य लिहून देतं, म्हणजे दडपणाखाली शब्द चुकत नाही. आमची सुरुवात अशी आहे:

‘हंगामी अध्यक्ष: परिषदेची पहिली बैठक सुरू झाल्याचं मी जाहीर करतो. सर्वांनी एक मिनिट उभं राहून मौन पाळावं. (मौन.) निमंत्रित देशांपैकी एक तृतीयांशाहून अधिक देश हजर आहेत. आता अध्यक्षांची निवड. गटांच्या विचारविनिमयातून मला असं कळलं आहे की … यांच्या नावाला सर्वांची संमती आहे. कुणाची हरकत? (थांबणे. सभागृहभर नजर फिरवणे. पाच मोजणे.) हरकत नाही. तसं ठरलं. (हातोडी.)’

‘पाच मोजणे’ हे मी हाताने लिहिलं आहे. मागच्या वर्षी आमच्या विद्यार्थ्याने ‘चर्चेला सुरुवात करू या’ म्हणताना अर्धा सेकंदही थांबून समोर बघितलं नव्हतं, आणि ते त्याला मी सांगितलंही नव्हतं. हरकत घ्यायला वेळ दिला तरच ‘हरकत नाही’ या शब्दांना अर्थ राहतो.

निमंत्रणपत्र मागच्या आठवड्यात गेलं. शेवटच्या ओळीच्या जागी आता असं आहे: ‘परिषद उघडेपर्यंतची व्यवस्था निमंत्रकांकडे राहील. त्यापुढील प्रत्येक निर्णय परिषदेचा असेल.’

टिपणीतली नावाची जागा मात्र अजून कोरी आहे. यंदा विषय पाण्याचा आहे आणि अध्यक्षपद आपल्याकडे यावं असं लॅटिन अमेरिका गटाने कळवलं आहे. आशिया गट यजमानाचा मान सोडायला तयार नाही. दोनदा बोलणी झाली, जमलं नाही. परिषदेला अकरा दिवस राहिलेत. शनिवारी सकाळी आठला पाचही गटांचे समन्वयक स्टाफरूममध्ये पुन्हा बसणार आहेत. वर्ध्याहून दोघी येणार आहेत, त्यांची बस साडेसातला पोचते.